आत्याबाईंचा चौथा अ‍ॅक्सल

माझ्या वडिलांच्या गाडीला आमच्या घरात आत्याबाई म्हणतात. हे नाव आईने ठेवलं. "चार दिवस राहायला म्हणून आली आणि चौतीस वर्षं झाली तरी हलत नाही," असं तिचं म्हणणं. मी जन्मले त्याच वर्षी बाबांनी ती भंगारातून उचलून आणली. म्हणजे माझं आणि आत्याबाईंचं वय एकच, फक्त अल्बममध्ये फोटो तिचे जास्त आहेत.

दोन दारं, लांब नाक, शेवाळी रंग. मूळची गरीब स्वभावाची गाडी. पण पाच वर्षांपूर्वी बाबांनी तिच्या पोटात आठ सिलिंडरचं भलंथोरलं इंजिन बसवलं आणि तेव्हापासून नाकापेक्षा मोती जड झाला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवायचा तो मागच्या अ‍ॅक्सलने, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या त्या आडव्या, मध्येच पोट सुटलेल्या लोखंडी दांड्याने. तो बिचारा लहान इंजिनासाठी जन्मलेला. पहिल्याचा आतला दांडा तुटला. दुसऱ्याचे दात गेले. तिसऱ्याचं अख्खं अंगच पिळवटलं. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी, आमच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाणाऱ्या चढावर. आईने त्यातला एक आता कुंड्या ठेवायला घेतला आहे.

तिसऱ्या वेळी आई गाडीत होती. लग्नाचा वाढदिवस होता, पायात नवीन चपला होत्या, आणि चढाच्या मध्यावर मागून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. आई शांतपणे उतरली, चपला हातात घेतल्या आणि चालत घरी आली. बाबा अर्ध्या तासाने आले तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "अजून एक. चौथा. त्यावर ही बया इथून टाकीपर्यंत न तुटता गेली तर मी मरेपर्यंत राहू दे. नाही गेली तर ते जुन्या गाड्यांचे संग्रहालयवाले गृहस्थ दोन वर्षं मागे लागलेत, त्यांना देऊन टाका. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहा वाजता. कबूल?"

बाबांनी कबूल केलं. आमच्या बाबांचा शब्द म्हणजे शब्द, ही त्यांची सगळ्यात गैरसोयीची सवय आहे.

मला हसू आलं नाही. बाबा कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर आणि मग फोरमन होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घातलं. तिसऱ्या आठवड्यात मी गेले तर ते खुर्चीत बसून टीव्हीच्या रिमोटचं झाकण काढत होते आणि लावत होते. आत्याबाई गेल्या तर त्यांच्या हातांना काय काम उरेल? तो संग्रहालयवाला तिचं इंजिन काढून, तिला दोरीच्या कुंपणात उभी करणार होता.

तर चौथा अ‍ॅक्सल दणकट हवा होता. आणि इथेच घोडं पेंड खात होतं, कारण तो निवडणार होते बाबा आणि माझा नवरा.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. हाताने हुशार, बाबांवर मनापासून भक्ती. बाबांचाही त्याच्यावर जीव. अडचण एकच, दोघांना एकमेकांचा इतका आदर की सहा वर्षांत त्यांच्यात एकही सरळ वाक्य झालेलं नाही. बाबा त्याला जावईबापू म्हणतात. तो बाबांसमोर स्टूलवरसुद्धा टेकत नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. आमच्याकडे दोन ग्रह एकमेकांना प्रदक्षिणा घालत होते आणि मधे मी चहाचे कप घेऊन उभी.

बाबांना मनातून लहान ट्रकचा अ‍ॅक्सल हवा होता. हे त्यांनी मला सांगितलं, त्याला नाही. हत्ती नाचला तरी मोडणार नाही असा, पण त्याचे दातेच असे की इंजिन बोंबलणार आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने जाणार. नवऱ्याला हवा होता एका वेगवान मोठ्या मोटारीचा. हलका, पळायला चांगला, पण या इंजिनापुढे टिकेल की नाही याची खात्री नाही. हे त्याने मला सांगितलं, बाबांना नाही.

भंगारच्या आवारात पहिल्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. मी टेप धरायला. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे, त्यामुळे घरात मापाचा विश्वास फक्त माझ्या टेपवर.

"जावईबापू, मला वाटतं मोटारीचाच घ्यावा," बाबा म्हणाले. "हलका आहे. तुमचा विचार बरोबर आहे."

"छे छे, बाबा. ट्रकचाच," नवरा म्हणाला. "मजबुतीला पर्याय नाही. तुम्ही म्हणता तेच."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुमच्या मनात असणार."

"माझ्या मनातलं राहू द्या. तुम्ही तरुण माणसं, तुम्हाला नव्या गोष्टी कळतात."

"अनुभव तुमचा."

असे तीन शनिवार. दोघंही दुसऱ्याच्या बाजूने जीव तोडून भांडत होते. नमनाला घडाभर तेल गेलं आणि नाटक काही सुरू होईना. तिसऱ्या शनिवारी भंगारच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे नुसतं काकू म्हणतात, हातमोजे आपटत उठल्या. "माझं आवार बंद करायची वेळ झाली. ती कोपऱ्यातली जुनी अँब्युलन्स दिसते? तिचा घ्या. ट्रकपेक्षा जलद, मोटारीपेक्षा दणकट. आडवा माणूस आत घेऊन खड्ड्यांतून पळायला बनवलाय. आणि आता निघा."

मी टेप लावला. रुंदी आत्याबाईंच्या मापापेक्षा फक्त दोन बोटं जास्त. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम म्हणाले, "तुम्हाला पसंत असेल तर." असा चौथा अ‍ॅक्सल ठरला, दोघांपैकी कोणाच्याच मनात नसलेला.

मग एक भानगड निघाली. अँब्युलन्समध्ये अ‍ॅक्सल पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांच्या, वर बसतो, आत्याबाईंमध्ये पाट्यांच्या खाली. त्यामुळे पाटे ज्या दोन चौकोनी बैठकांवर टेकतात, त्या नेमक्या खालच्या अंगाला होत्या. त्या कापून वरच्या अंगाला वेल्डिंग करायला हव्यात. दोन दिवसांचं काम, आणि हाताशी होता आठवडा.

अ‍ॅक्सल नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेला. त्याने तो उघडून धुतला, बेअरिंग बदलली. मग तो बाबांच्या गॅरेजमध्ये आला. बाबांनी गुरुवारी दिवसभर तो पुन्हा उघडा ठेवून एकेक दात तपासला. शुक्रवारी संध्याकाळी बसवायला घेतला, तर काय आश्चर्य. फरशीवर तो ज्या अंगावर पडला होता, त्याच अंगाने सरळ वर उचलला आणि बैठका पाट्यांना जाऊन चिकटल्या. कापायला नको, वेल्डिंग नको. अंगावर बेतल्यासारखा.

"बसला," बाबा म्हणाले.

"बसला की," नवरा म्हणाला.

मी दारात उभी होते. त्या लोखंडावर कारखान्याचे उठावाचे आकडे होते. ते मला डोक्यावर उभे दिसत होते. माझा धंदाच उलट-सुलट ओळखण्याचा. आतली शिवण बाहेर आलेला सदरा मी रस्त्याच्या पलीकडून सांगते. पण मी म्हटलं, एक फोरमन, एक लिफ्टवाला, मी शिंपीण कशाला तोंड घालू? आणि गप्प बसले. हे मी स्वतःचा बचाव म्हणून सांगत नाही. गुन्ह्यात मीही आहे.

आता कोणीही मेकॅनिक सांगेल, अ‍ॅक्सल उताणा बसवला की चाकं उलटी फिरतात. आतलं मोठं दातेरी चक्र, त्याला क्राउन म्हणतात, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. पहिला गिअर टाका, गाडी मागे जाणार. हे बाबांना माहीत होतं. हे नवऱ्यालाही माहीत होतं. बाबांना वाटलं, जावईबापूंनी वर्कशॉपमध्ये क्राउन आधीच दुसऱ्या बाजूला घेतलं असेल, म्हणून तर ते इतके निर्धास्त दिसतात. नवऱ्याला वाटलं, बाबांनी गुरुवारी दिवसभर उघडा ठेवला तो त्यासाठीच. विचारायचं कसं? विचारलं तर समोरच्याच्या कामावर शंका घेतल्यासारखं होईल.

शनिवारी गाडीखाली तेल ठिबकायला लागलं, कारण हवा जायचं भोक आता खाली आलं होतं. सकाळी बाबांनी गुपचूप खाली वर्तमानपत्र अंथरलं. दुपारी नवऱ्याने गुपचूप वर्तमानपत्र काढून पत्र्याचा ट्रे ठेवला. संध्याकाळी बाबांनी ट्रे रिकामा करून परत ठेवला. दोघांपैकी कोणीही तेल हा शब्द काढला नाही.

त्यांनी चाचणी घेतली नाही असं नाही. मागची बाजू घोडीवर चढवून इंजिन चालू केलं. बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर मधल्या लोखंडी पोटाला लावून त्याची मूठ कानाला टेकवली आणि डोळे मिटले. नवरा दिवा घेऊन खाली आडवा. चाकं भन्नाट फिरत होती. वेगात फिरणाऱ्या चाकाला ना पुढचं कळतं ना मागचं.

"आवाज सुरेख," बाबा म्हणाले.

"लोण्यासारखा," नवरा म्हणाला.

रविवारी पावणेदहालाच संग्रहालयवाले गृहस्थ आले, बरोबर गाडी वाहून न्यायचा ट्रेलर. म्हणाले, सहज आलो. सहज येणाऱ्या माणसाच्या हातात पट्टे आणि साखळ्या नसतात. त्यांनी आत्याबाईंच्या टपावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बाबांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. पण त्यांचा शर्ट आज इस्त्रीचा होता आणि वरचं बटण लावलेलं होतं. ते बटण ते फक्त इस्पितळात जाताना लावतात. 

आई फाटकापाशी उभी राहिली, या वेळी साध्या चपलांत. गॅरेजचं तोंड रस्त्याकडे, आत्याबाईंचं तोंड रस्त्याकडे. बाबा स्टिअरिंगमागे, नवरा शेजारी, सीटच्या कडेला टेकलेला.

"निघू या, जावईबापू?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, बाबा."

बाबांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि आठ सिलिंडरच्या पूर्ण ताकदीने आत्याबाई मागे गेल्या. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी रिकाम्या डब्यांचं कपाट होतं. पंचवीस वर्षांत बाबांनी कधी लागतील म्हणून साठवलेले डबे एकेक करून खाली आले. शेवटचा लोळत लोळत फाटकापर्यंत आला आणि आईच्या पायाशी थांबला. आईने तो उचलून बाजूला ठेवला.

इंजिन बंद झालं.

"जावईबापू," बाबा अतिशय हळू म्हणाले, "क्राउन तुम्ही दुसऱ्या बाजूला घेतलं होतं ना?"

"मी? बाबा, मला वाटलं गुरुवारी तुम्ही..."

"मी दात बघत होतो."

"दिवसभर?"

"मग तुम्हाला दिसलं नाही, उताणा बसतोय तो?"

"दिसलं की. तुम्हालाही दिसलं असेल."

"दिसलं तर बोलायचं नाही? तोंडाला कुलूप लावलं होतं?" बाबांचा आवाज चढला. मी हा आवाज माझ्या दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. "अरे गाढवा! माझी गाडी चाललीय आणि तू मला मान देत बसलायस?"

 माझा नवरा लालबुंद झाला. मला वाटलं, संपलं, आता हा उतरून निघून जाणार आणि पुढची दहा वर्षं मी दोन घरांत निरोप पोचवणार.

"आणि तुम्ही?" तो ओरडला. "तेहतीस वर्षं लेथवर काढली, बैठका आपोआप जुळल्यावर लगेच हुरळलात! कापायचा कंटाळा तुम्हाला आला होता. आणि मला ट्रकचा नकोच होता, मोटारीचा हवा होता!"

"मग ट्रक ट्रक काय करत होतास तीन आठवडे?"

"तुम्हाला हवा होता म्हणून!"

"मग घ्यायचा होता!"

"भीड ही भिकेची बहीण," आई फाटकातून म्हणाली. "दहाला तीन मिनिटं आहेत."

संग्रहालयवाले खाकरले. "तर मग, मला वाटतं, ठरल्याप्रमाणे..." असं म्हणत त्यांनी पट्टा सोडायला घेतला. बाबांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. हात मांडीवर ठेवून ते त्या हातांकडे बघत बसले, आणि मला त्यांचा तो रिमोट आठवला. 

नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. मग तो सीटवर पहिल्यांदाच नीट मागे रेलून बसला. लिफ्ट अडकली की आतल्या लोकांशी तो ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात म्हणाला, "बाबा, रिव्हर्स टाका."

"काय?"

"चाकं उलटी फिरतात ना? मग उलटा गिअर टाका. सरळ जाईल. आणि रिव्हर्सइतकी ओढ दुसऱ्या कुठल्या गिअरला आहे?"

बाबांनी विचार केला. "दातांच्या चुकीच्या अंगावर जोर येईल. तेलही वर पोचणार नाही. तुटेल."

"तुटेल किंवा नाही तुटणार. घरात बसून कळणार नाही."

"मोटारीचा असता तर पहिल्या पन्नास फुटांत तुटला असता."

"आणि ट्रकचा असता तर आपण अजून वेल्डिंग करत असतो. टाका आता!"

बाबांनी रिव्हर्स टाकला. आत्याबाई डब्यांवरून खडखडत बाहेर आल्या, तोंड पुढे करून, फाटकाबाहेर, चढाला लागल्या.

इंजिन असं गर्जत होतं की टाकीवरची कबुतरं उडाली, आणि वेग असा की शेजारची एक आजीबाई कुत्रा घेऊन गाडीला मागे टाकून गेली. आई गाडीबरोबर चालू लागली. मी तिच्या मागे. माझ्या मागे संग्रहालयवाले, पट्टा खांद्यावर.

आतून दोघांचा आवाज इंजिनावर चढत होता.

"रेस कमी करा!"

"मला शिकवू नको. खालून आवाज कसला येतोय ते ऐक."

"ऐकतोय! दात कुरकुरतायत."

"कुठल्या बाजूचा?"

"डाव्या. नाही, उजव्या. उताणा आहे ना तो!"

"गाढवा, नक्की सांग!"

तीन अ‍ॅक्सल जिथे गेले होते ती जागा आली. दिव्याच्या खांबासमोर डांबरावर तेलाचे जुने डाग आहेत, एकावर एक. खालून करकर वाढली.  नवऱ्याने डोकं खिडकीबाहेर काढलं. आईने चालता चालता खिडकीच्या काठावर हात ठेवला. ढकलायला की धरायला, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. आत्याबाईंनी एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि डागांवरून पुढे गेल्या. टाकीच्या गेटपाशी बाबांनी इंजिन बंद केलं.

संग्रहालयवाले म्हणाले, "पण वहिनी, हे काही खरं जाणं नव्हे. रिव्हर्समध्ये..."

"मी टाकीपर्यंत म्हटलं होतं," आई म्हणाली. "गिअरचं काही बोलले नव्हते."

मग ती खिडकीतून आत वाकली. बाबांच्या कपाळावरचा घाम ओघळून इस्त्रीच्या कॉलरवर उतरला होता. तिने त्यांचं वरचं बटण काढलं.

"या गाडीपायी मी हा चढ किती वेळा तुडवला," ती म्हणाली, "पण ती बरोबर आली ती आजच."

 बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवायला नवऱ्याला सांगितलं, खाली उतर आणि तेल किती गळलं बघ. नवरा चांगल्या पँटवर रस्त्यात आडवा झाला.

खाली येताना इंजिन बंद ठेवून, उतारावर ब्रेक धरून त्यांनी ती गॅरेजपर्यंत आणली. संग्रहालयवाल्यांचा ट्रेलर रिकामा गेला. जेवताना नवरा शांत होता, पण मधूनच स्वतःशी हसत होता. मी विचारलं, काय झालं?

"बाबांनी मला गाढव म्हटलं," तो म्हणाला. "दोनदा."

"वाईट वाटलं?"

"वेडी आहेस का? त्यांच्या हाताखालच्या लोकांत ते फक्त ज्याला शिकवायचे त्यालाच गाढव म्हणायचे. आईंनी सांगितलंय मला." आणि त्याने भात मागून घेतला.

सोमवारी दुपारी मी दुकानातून माहेरी गेले. गॅरेजमधून बैठका कापायचा आवाज येत होता, आणि त्याहून मोठे दोन आवाज. एक म्हणत होता इथून काप, दुसरा म्हणत होता तिथून. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. आई ओट्यावर चष्मा लावून तांदूळ निवडत बसली होती.

"भांडतायत," मी म्हटलं.

"सकाळपासून," ती म्हणाली. "आत चहा ठेव. त्यांचे घसे सुकले असतील."